गराशाची मान

पूनमसिंगने जीपला नाव ठेवलं होतं, गराशा.

जुनी जीप. तिचा मूळचा रंग कोणता, यावर दारव्ह्याच्या स्टँडवर पैजा लागत. एक दार दोरीने बांधलेलं. हॉर्न वाजला नाही तर पूनमसिंग स्वतः खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडे. पण समोरच्या आरशाशेजारी एक पितळी घंटा टांगलेली होती, आणि ती कायम चिंचेने घासून लखलखीत ठेवलेली असे.

घंटा त्याच्या आज्याच्या आज्याची. बंजाऱ्यांचा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरायचा, तेव्हा सगळ्यांच्या पुढे एक बैल चाले. तो गराशा. शिंगांना कवड्या, अंगावर झूल, गळ्यात ही घंटा. मागचे बैल गोणींखाली वाकलेले असत, पण गराशाच्या पाठीवर कोणी मूठभर मीठही टाकत नसे. तो फक्त वाट दाखवायचा. तो थांबला की तांडा थांबायचा. त्याला ओझं दिलं तर तांड्याचं भलं होत नाही, असं जुनी माणसं म्हणत.

पुढे रेल्वे आली, ट्रक आले. बैल गेले, गोणी गेल्या. तांडा दारव्ह्याजवळच्या माळावर बसला तो बसलाच. लोक शेती करू लागले. घंटा तेवढी राहिली. ती पूनमसिंगने जीपमध्ये टांगली.

"जीप कायले म्हणता? गराशा म्हणा," तो सवाऱ्यांना सांगे.

"गराशावर ओझं टाकत नाईत म्हणे. अन् तू तं चौदा माणसं कोंबून राह्यला!"

"माणूस कुठं ओझं असते बाप्पा? ओझं म्हणजे तो, जो भाडं न देता उतरते."

सवाऱ्या हसत. हसतहसत कोणी एक तसाच उतरून जाई. पूनमसिंग बघे आणि सोडून देई. त्याची बायको जमनी घरी हे ऐकून कपाळाला हात लावी. पण तिलाही ठाऊक होतं. हा माणूस कोणाच्या मानेवर बसणारा नव्हता. माणसाच्या नाही, जनावराच्या नाही, आणि लोखंडाच्याही नाही.

हे त्याला बापाकडून आलं होतं. खेमसिंग म्हणजे तांड्यातला शेवटचा पक्का गाडीवान. पूनमसिंग लहान असताना घरी बैलगाडी होती. कापूस भरून झाला की खेमसिंग पुढे येई. जुवाखाली दोन बोटं घाली आणि उचलून पाही. जू उचललं गेलं तर गाडी निघाली. नाही उचललं तर तो मागे बघून ओरडे.

"माल मांगं सरकवा! बैलाले तोंड नाई म्हणून त्याच्या मानेवर बसता का?"

दोन बोटांत जू उचललं पाहिजे. एवढी एकच विद्या खेमसिंगने मुलाला दिली. शाळेतलं बाकी सगळं पूनमसिंग विसरला. हे नाही विसरला.

त्या वर्षांत पेपरात यवतमाळचं नाव वरचेवर यायचं. चांगल्या बातमीत नाही. कापसाला भाव नव्हता. ज्याच्या हातात पैसा नाही तो बाजाराला पायी जातो, किंवा जातच नाही. दारव्ह्याच्या स्टँडवर जीपा दिवसदिवस सावली बदलत उभ्या राहू लागल्या. ड्रायव्हर एकमेकांच्या गाडीत बसून गप्पा मारत. त्याचं भाडं नसतं.

असंच एकदा जमनी भावासाठी भाकरी घेऊन कापसाच्या संकलन केंद्रावर गेली. तिचा भाऊ गाडी घेऊन रांगेत लागला होता. रांग गावाबाहेर गेलेली. बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली आडवी. आत माप कधी होईल, कोणी सांगेना. जमनीने फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. भावाने दोन घास खाल्ले असतील नसतील, शेजारच्या गाडीखालून एक म्हातारा म्हणाला, "बाई, विकत देतं का वं?"

दुसऱ्या दिवशी ती टोपलं भरून घेऊन गेली. टोपलं रिकामं आलं. तिसऱ्या दिवशी दोन टोपली. रांग हलत नव्हती. जमनीचा तवा थंड होत नव्हता.

"रोज जाणं-येणं कायले करायचं?" एका संध्याकाळी पूनमसिंग म्हणाला. तो अंगणात उताणा पडला होता आणि आभाळाकडे बघत होता. काही सुचलं की तो असाच पडे. "आपण तिथंच राहू. रांग जिथं, आपण तिथं. आज दारव्हा, उद्या दिग्रस, परवा आर्णी."

"राहू कुठं? गाडीखाली?"

"घर बरोबर नेऊ."

जमनी हसली. मग तिच्या लक्षात आलं, तो हसत नाही.

"आपला तांडा कायले बसला, सांग," तो म्हणाला. "घराले चाकं नव्हती म्हणून."

त्याने एक जुनी दोनचाकी ट्रॉली मिळवली. ट्रॅक्टरमागची. तिच्यावर लोखंडी सांगाडा, पत्र्याचं छप्पर, बाजूला फळ्या. हे काम दारव्ह्याच्या बबलूने केलं. बबलूचं वेल्डिंगचं दुकान स्टँडसमोरच होतं, आणि तो पूनमसिंगला सख्ख्या भावासारखा मानायचा. सगळं होईपर्यंत तो काही बोलला नाही. जीपला मागे हूक लावायची वेळ आली तेव्हा मात्र हातातला चष्मा त्याने बाजूला ठेवला.

"भाऊ, ही ट्रॉली ट्रॅक्टरची हाय."

"होती."

"अजूनबी हाय. जीपची जान केवढी, हिचं वजन केवढं? ओढून तं नेईल. पण थांबवशील कसा? ट्रॉलीले ब्रेक नाई."

"बैलगाडीले कुठं ब्रेक होता रे?"

"बैल आपल्या अकलेनं थांबते."

"मंग माया गराशाले अक्कल नाई का?" पूनमसिंग म्हणाला आणि त्याने बबलूच्या पाठीत एक गुद्दा घातला. "लाव हूक. लग्नात बोलावलं अन् वरातीत रडून राह्यला."

बबलूने हूक लावला. चांगला जाड लावला. त्यापेक्षा जास्त त्याला काही सुचलं नाही.

ते घर मोठं देखणं झालं होतं. आत एका अंगाला फळीची बाज, दुसऱ्या अंगाला भांड्यांची मांडणी. खिडकीला जमनीने स्वतः भरलेला पडदा, त्यात आरसे. मागची फळी खाली पाडली की दुकान उघडे. तिथेच चूल, तिथेच पाण्याचा ड्रम, ज्वारीची पोती, सरपण, पाटा-वरवंटा. जे जड, ते मागे. हे पूनमसिंगने मुद्दाम केलं होतं. सगळं भरून झालं की तो पुढे येई आणि ट्रॉलीची दांडी दोन बोटांत उचलून पाही. उचलली की त्याचा चेहरा उजळे. मग तो दांडी जीपच्या हुकात अडकवी आणि पिन घाली.

"पाह्य," तो जमनीला म्हणे, "मानेवर माशी बसल्याएवढं वजन नाई."

त्याने जीपही हलकी केली. मागच्या सीटा काढून टाकल्या. स्टेपनी काढली, अवजारांची पेटी काढली आणि दोन्ही ट्रॉलीत मागे टाकली. गराशावर ओझं नको. जमनीही ट्रॉलीत बसे. भांडी पडू नयेत म्हणून कोणी तरी आत हवंच होतं, पण खरं कारण तिला ठाऊक होतं. त्याने एक दोरी ट्रॉलीच्या खिडकीतून जीपमध्ये नेऊन घंटेला बांधली होती.

"काही झालं तं ओढजो. घंटा वाजली का गराशा थांबते."

पहिला हंगाम सोन्यासारखा गेला. रांगेतली माणसं पडद्याच्या आरशांवरून ट्रॉली ओळखू लागली. पूनमसिंग भाकरी वाढता वाढता गाड्यांमधून फिरे. कोणाच्या बैलाला पाणी दाखवी, कोणाची चिठ्ठी गावी पोहोचवी. रांगेत माणसं फार गप्प असत. एवढा पांढरा माल गाडीत आणि तोंडावर काळोखी. पूनमसिंग त्या गप्प माणसांशेजारी जाऊन बसे. उपदेश करत नसे. "अजून एक भाकर घे," एवढंच म्हणे. एकाने सांगितलं, भूक नाही. तेव्हा पूनमसिंग त्याच्याच ताटाशी बसून जेवू लागला, आणि त्या माणसाला लाजेने हात धुवून जेवायला बसावं लागलं.

शहरातून पेपरवाले येत. तेही जेवत.

"काय विचारून राह्यले होते?" जमनी विचारी.

"दुःख कुठं हाय म्हणे. मी म्हटलं, पहिले ठेचा खा. मंग तुम्हालेच दिसन."

जमनीला त्या घरात सुख होतं. लग्न होऊन आल्यापासून तिने नवऱ्याला सकाळी जाताना आणि रात्री येताना पाहिलं होतं. आता तो दिवसभर डोळ्यासमोर असे. मुलगी संगीता उमरखेडला नांदत होती. तिला मधून मधून निरोप जाई, आम्ही अमुक गावी आहोत. संगीताची सासू म्हणे, तुझे मायबाप म्हातारपणी पळून गेले का वं?

फक्त एक गोष्ट जमनीला खटकायची. ट्रॉली शेपूट हलवायची.

जीप हळू असली की काही नाही. जरा वेग आला, की ट्रॉलीची मागची बाजू डावी-उजवीकडे जाऊ लागे. आधी थोडी. मग जास्त. बाजेवर बसलेल्या जमनीला ते कमरेत कळे. मांडणीतली ताटं आधी एका बाजूला किणकिणत, मग दुसऱ्या बाजूला. पूनमसिंगने वेग कमी केला की ते थांबे. त्याला जीपमध्ये एवढं जाणवत नसावं. किंवा जाणवत असेल, बोलत नसेल.

एकदा आर्णीला जाताना अवकाळी पाऊस लागला. छप्पर मागच्या बाजूला गळत होतं. दोघांनी घाईने पोती पुढे ओढली, ड्रम पुढे लोटला, सगळं जड सामान पुढच्या भिंतीला लावलं. मग दांडी दोन बोटांत उचलेना. दोन्ही हात लावावे लागले. हुकात बसली तशी जीप मागून जराशी खाली बसली. पूनमसिंगचा चेहरा पडला.

पण त्या दिवशी ट्रॉली हलली नाही. आर्णीपर्यंत ती जीपमागे अशी गेली, जसं वासरू गाईमागे जातं. ताट किणकिणलं नाही. जमनी पहिल्यांदा वाटेत झोपली.

आर्णीला उतरल्यावर पूनमसिंग आधी जीपजवळ गेला. त्याने तिच्या टपावर हात फिरवला, घाम पुसावा तसा.

"लई दमला आज," तो म्हणाला.

"पण आज शेपूट हलली नाई," जमनी म्हणाली. "सामान पुढंच राहू द्या."

"अन् गराशाच्या मानेवर बसवू का सगळं?"

"बैल नाई हो तो. लोखंड हाय."

"तुले लोखंड दिसते," तो म्हणाला आणि हसून पोती मागे नेऊ लागला. जमनी चुलीकडे वळली. एवढ्याशा गोष्टीवरून भांडावं, असा तो माणूसच नव्हता. हे नेहमीचंच. वाईट माणसाशी भांडता येतं.

पुढच्या हंगामात दारव्ह्याचं केंद्र मध्येच बंद पडलं. आत कापूस ठेवायला जागा नाही, असं सांगितलं. रांग एका दिवसात पांगली. पांढरकवड्याचं केंद्र सुरू होतं. तिथली रांग हायवेपर्यंत आली आहे, अशी बातमी एका ट्रकवाल्याने आणली.

"जाऊ," पूनमसिंग म्हणाला.

"तेवढ्या लांब? हायवेनं?"

"रांग जिथं, आपण तिथं. ठरलं होतं ना?"

जमनीने त्या दिवशी हट्ट केला. तांड्यातल्या भावसिंगकडे ट्रॅक्टर होता. तो रिकामा होता आणि भावसिंग यायला तयार होता. तिने त्याला परस्पर विचारूनही ठेवलं होतं. पूनमसिंगला हे कळलं तेव्हा तो रागावला नाही. त्याला वाईट वाटलं, हे त्याहून वाईट.

"घरी गराशा असताना दुसऱ्याचा बैल जुंपू?" तो म्हणाला. "बुढा काय म्हणन?"

बुढा म्हणजे खेमसिंग. तो ओट्यावर बसून ऐकत होता. त्याला आता कमी दिसायचं. सून सासऱ्यासमोर बोलत नसे. डोक्यावरची ओढणी पुढे ओढून जमनी आत गेली. तिथे तो विषय संपला.

निघायच्या सकाळी पूनमसिंग डिझेल आणायला गेला होता. जमनीने एकटीने दोन पोती पुढे ओढली. ड्रम रिकामा होता तोवर पुढे सरकवला आणि तिथेच भरला. पूनमसिंग आला. त्याने दोन बोटं दांडीखाली घातली. दांडी हलली नाही. त्याने आत डोकावून पाहिलं, मग जमनीकडे पाहिलं.

"तू केलं का वं हे?"

"राहू द्या ना आजच्या दिवस," ओट्याकडे पाठ करून ती हळूच म्हणाली. "हायवे हाय."

"हायवे हाय म्हणूनच तं," तो म्हणाला. "लांबचं चालणं हाय त्याले." आणि त्याने ड्रम मागे नेला. पोती मागे नेली. पोती नेताना तो एक जुनं गाणं गुणगुणत होता. मग त्याने दोन बोटांत दांडी उचलली आणि ती तशीच धरून बापाला हाक मारली.

"बा! पाह्य!"

खेमसिंगने ओट्यावरूनच मान डोलावली. त्याला दिसलं नसणार. पण त्याला कळलं.

यवतमाळ मागे पडलं. करंजीपाशी हायवे लागला, नागपूरहून हैदराबादला जाणारा. ट्रकांची रांग. पूनमसिंग आपल्या चालीने जात होता. मागचे ट्रक हॉर्न देत, शिव्या देत पुढे निघत. एका ट्रकच्या क्लीनरने बाहेर वाकून ओरडून विचारलं, "ओ मामा, घर घेऊन कुठं चालले?" पूनमसिंगने हात दाखवला. जमनीला तो हात खिडकीतून दिसला. पुढेही तिला पुष्कळदा आठवला.

पांढरकवड्याच्या अलीकडे जंगल लागतं. तिथे रस्ता उतरतो. फार मोठा घाट नव्हे. ट्रकवाले त्याला उतारही म्हणत नाहीत.

उतार लागला आणि जमनीला कळलं, आता जीप ट्रॉलीला ओढत नाही. ट्रॉली जीपला ढकलते आहे. मागे भरलेला ड्रम, पोती, सरपण, पाटा, स्टेपनी. पुढे रिकामी जीप आणि एक माणूस. वेग पूनमसिंगने वाढवला नव्हता. तो आपोआप वाढत होता.

एक मोठा ट्रक शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रॉलीला धक्का दिला. शेपूट डावीकडे गेली. ताटं किणकिणली. मग उजवीकडे, आधीपेक्षा जास्त. मग डावीकडे, त्याहून जास्त. मांडणी कोसळली. जमनी बाजेवरून खाली पडली. तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा जीपचं मागचं अंग ट्रॉलीबरोबर हलत होतं. शेपूट आता बैलाला हलवत होती.

तिने दोरी ओढली.

त्याच वेळी ब्रेक लागले. कोणतं आधी झालं, हे तिला कधीच सांगता आलं नाही. गाडीवानाच्या मुलाने तेच केलं, जे गाडी उधळल्यावर गाडीवान करतो. कासरा ओढला. जीप थांबू लागली. ट्रॉली थांबली नाही. तिने जीपला मागून धरून आडवी फिरवली, जसा कोणी मनगट पिरगाळतो. पिन तुटली. ट्रॉली रस्त्याकडेला कापसाच्या पऱ्हाटीच्या वावरात कलंडली. जीप उताराखालच्या पुलाच्या कठड्यावरून खाली नाल्यात गेली.

नाल्यात पाणी नव्हतं. दगड होते.

जमनी फळ्यांमधून बाहेर आली तेव्हा तिच्या अंगभर पीठ होतं. हात मोडला होता, ते तिला नंतर कळलं. ट्रकवाले धावत होते. ती पुलापाशी आली. कोणी तरी तिला धरलं. "मावशी, नका पाहू." तिने पाहिलं. जीप उलटी पडली होती. चाकं फिरत होती. ओझं नसलेल्या गाडीची चाकं फार वेळ फिरतात.

तो चाळिशीचा होता. त्याला पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं, पण तो नाल्यातच गेला होता.

तांड्यावर माणूस मावेना. रांगांमधली माणसं आली. कुठल्या कुठल्या गावांची. त्यांची नावं जमनीला माहीत नव्हती, पण कोण किती भाकरी खातो ते माहीत होतं. ती येत, दूर उभी राहत, डोळे पुसत आणि जात. ज्याच्या ताटात पूनमसिंग जेवला होता, तोही आला. तो दिवसभर लिंबाखाली बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी बबलू आला. पांढरकवड्याला जाऊन त्याने नाल्यातून जीप काढवली होती. घंटा सापडली. ती त्याने रुमालात बांधून आणली होती. तो जमनीपाशी घरामागे येऊन बसला. बराच वेळ जमीन उकरत राहिला.

"वहिनी, मले बुढ्याशी बोलायचं हाय."

"काय बोलायचं हाय?"

"तिथं एक मिस्त्री भेटला. लई वर्षं हायवेवर गाड्या काढते. त्यानं दोन मिन्टात सांगितलं. छोटी गाडी, मोठी ट्रॉली, ट्रॉलीले ब्रेक नाई, हे तं मी पहिलेच म्हणत होतो. पण त्याच्याहून मोठी चूक म्हणे सामानाची. मांगं वजन नव्हतं पायजे. पुढं पायजे होतं. दांडीचा दाब गाडीवर पडला तं ट्रॉली सरळ राह्यते. मांगं जड झालं का शेपूट मुंडक्याले फिरवते." त्याने रुमालाची गाठ घट्ट आवळली. "मले हे ठाऊक असायले पायजे होतं. बुढ्याच्या पाया पडून सांगतो, का माया हातानं..."

"मले ठाऊक होतं," जमनी म्हणाली.

बबलूने वर पाहिलं.

"आर्णीच्या वाटंवरच कळलं होतं. मी सामान पुढं घेतलं, त्यानं मांगं नेलं." प्लास्टर घातलेला हात तिने दुसऱ्या हाताने सावरला. "कायले नेलं, ठाऊक हाय ना तुले? दोन बोटांनी दांडी उचलली पायजे म्हणून. हे त्याले कोनं शिकवलं?"

बबलूची नजर ओट्याकडे गेली. ओट्यावर खेमसिंग बसला होता. मागच्या उघड्या दारातून त्याची फक्त पाठ दिसत होती.

"आता जाऊन सांगशील बुढ्याले?" जमनीने विचारलं.

बबलूने मान हलवली. नाही. रुमाल तिच्यापुढे ठेवला आणि तो उठून गेला.

संध्याकाळी आलेली माणसं पांगली. संगीता आत चूल पेटवत होती. जमनी घंटा घेऊन ओट्यापाशी आली. ती सासऱ्याच्या पायाशी ठेवून परत फिरायचं, एवढंच तिच्या मनात होतं. खेमसिंगने हाताने चाचपून घंटा उचलली. तिला एका बाजूला पोचा पडला होता. त्याचा अंगठा त्या पोच्यावर फिरत राहिला.

"जमनी," तो म्हणाला.

लग्न होऊन आल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. काही हवं असलं की तो लेकराला सांगे, भिंतीला सांगे. ती जागच्या जागी थांबली. ओढणी पुढे ओढली.

"मले एक सांग. त्या दिवशी ओट्यावरून मले नीट दिसलं नाई." त्याचा अंगठा पोच्यावर थांबला. "त्यानं दांडी उचलली होती ना? दोन बोटांत?"

आत संगीता चूल फुंकत होती. त्या फुंकण्याचा तेवढा आवाज.

"हो," ती म्हणाली. सासऱ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द.

"मान हलकी होती?"

"हलकी होती. माशी बसल्याएवढंबी वजन नव्हतं."

म्हाताऱ्याने मोठा श्वास घेतला. त्याचे खांदे सैल झाले.

"मंग त्याची चूक नाई," तो म्हणाला. "रस्ताच खराब असन. माया पोरानं गाडी बरोबर भरली होती."

"बरोबर भरली होती," जमनी म्हणाली.

खेमसिंगने घंटा तिच्याकडे दिली. तिने ती एका हातात घेतली. घंटा दिसते त्यापेक्षा जड होती. तिने ती छातीशी धरली, वाजू नये म्हणून आतल्या लोलकाला बोट लावलं, आणि ती आत गेली.